बिनासोल्युशनची चौकट

माझा नवरा पाणीसुद्धा मागत नाही. तहान लागली की उठतो, माठाजवळ जातो, गडवा बुडवतो, पितो आणि गडवा पालथा घालून परत येतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नवेपणाची भीड असेल. मग वाटलं, माझ्यावर रागावलाय. पुढे कळलं की माणूसच तसा आहे. सडक अर्जुनीच्या आजूबाजूच्या किती शेतांत याने मोटारी बसवल्या, बिघडलेल्या वर काढल्या, पाइप जोडले, त्याची गणती नाही. साऱ्या शिवाराला पाणी पाजणारा हा माणूस स्वतःसाठी पेलाभर कोणाकडे मागणार नाही. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते. लिहिताना मात्र 'तो'च बरा वाटतो, जरा जवळचा.

माझं सगळं उलट. मी मागतेही आणि हसतेही. माझं हसणं सासरी प्रसिद्ध आहे. कोणी धीरगंभीर चेहरा करून बोलायला लागलं की माझ्या पोटात गुदगुल्या सुरू होतात, आणि एकदा सुरू झालं की थांबता थांबत नाही. पुतणीच्या लग्नाआधी याने केस काळे केले होते. मी पाहिलं आणि चुलीजवळ बसकणच मारली. त्याने टॉवेल डोक्यावर घेतला, तो लग्नाच्या मांडवातही काढला नाही. ती कलपाची डबी पुन्हा उघडली गेली नाही आणि केस आता पांढरे आहेत. चांगले दिसतात, हेही मी त्याला हसतहसतच सांगितलं होतं.

त्यामुळे त्याने जेव्हा खरोखर काही मागायचं ठरवलं, तेव्हा तोंड समोरासमोर येणार नाही अशी जागा निवडली. आम्ही गोंदियाहून मोटरसायकलवर परत येत होतो. मांडीवर सामानाची पिशवी, डोक्यावर ऊन. गोरेगावच्या पुढे त्याने मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवली. उतरला नाही, मागे वळलाही नाही. खिशातून मोबाइल काढला आणि खांद्यावरून मागे धरला.

"हे पाह्य," म्हणाला. "पन तू हासशीन तं राहू दे."

फोटोत काळ्या रबराच्या दोन चादरी होत्या आणि त्या दोहोंच्या मधे एक माणूस उताणा पडला होता. चारी बाजूंनी पाइपाची चौकट. पाइपाला मशीन लावून आतली सगळी हवा ओढून घेतलेली. रबर त्या माणसाच्या अंगाला असं बसलं होतं की बोटं मोजता यावीत. डोकं तेवढं गळ्याच्या भोकातून बाहेर. हौशी नवराबायका असले खेळ खेळतात, म्हणे. एकाने पडायचं, हालायचं नाही, हालता येतच नाही. दुसऱ्याने जवळ राहायचं.

मी विचारलं, "तुमाले पडाचं आहे यात?"

"हो."

"काऊन?"

बाजूने ट्रक गेले. मग म्हणाला, "काऊन म्हंजे काय. आवडन असं वाटते. लय दिवसांपासून वाटते."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू? पिशवीतल्या कोथिंबिरीत नाक खुपसलं आणि श्वास रोखून धरला. समोर त्याची मान दिसत होती, उन्हाने काळवंडलेली, कॉलरच्या वर ताठ झालेली. त्या मानेकडे पाहिलं आणि हसू आपोआप खाली बसलं. हा माणूस वाट पाहत होता. मी हसले तर तो मोबाइल खिशात ठेवील, गाडी सुरू करील आणि मरेपर्यंत पुन्हा काही मागणार नाही, हे मला लख्ख कळलं.

"हासत नाई," मी म्हटलं. "मांगवा."

पार्सल आलं ते दुकानाच्या पत्त्यावर. हायवेच्या कडेला त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागे आमचं घर. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. मुलगी नागपूरला होस्टेलवर. खोकं उघडलं तशी सायकलच्या नव्या ट्यूबचा वास घरभर पसरला. सासूबाईंना दिसतं कमी, पण नाकाने त्या अजून सगळ्यांना पुरून उरतात.

"ट्यूब मांगवली काय गा?" त्यांनी बाजेवरून विचारलं.

"हो, माय," तो म्हणाला, आणि खोकं खोलीत नेलं.

आत नुसतं कव्हर होतं. उशीच्या खोळीसारखं, पण माणूसभर लांब, एका बाजूला गळ्याचं भोक, पायाकडे अर्ध्या रुंदीची चेन. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की चौकट ज्याची त्याने करून घ्यावी, आणि रबराला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. चौकटीचं वाचून नवऱ्याचा चेहरा उजळला. पाइपाचं काम म्हणजे त्याच्या घरचं. दुसऱ्या कोणाला ते कव्हर पाहून घाम फुटला असता, याने कानामागची पेन्सिल काढली.

दुकानाच्या मागच्या अंगणात त्याने काम मांडलं. वायरिंगचा पातळ पाइप त्याने हातात धरून वाकवून पाहिला आणि बाजूला टाकला. हवा ओढली की चौकट आतल्या बाजूला दबणार, बारका पाइप पिचकणार, हे त्याने कागद न वाचताच ओळखलं. शेतातल्या लाइनचा जाड पाइप घेतला. मापं घेतली, ती जमिनीवर मलाच झोपवून, कारण त्याला स्वतःचं माप घेता येईना. मी सिमेंटवर उताणी, तो खडूने रेघा मारतोय, आणि मी आभाळाकडे पाहत हसू दाबत पडलेली. मग त्याने पाइप कापले आणि आतल्या अंगाला ओळीने बारीक भोकं पाडली, हवा ओढली जायला. प्रत्येक भोकाची कोर पॉलिश पेपरने घासली, काटा राहिला तर रबर फाटेल म्हणून. शेवटी कोपऱ्यांना एल्बो बसवले.

ड्रिलचा आवाज ऐकून सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. पाइपावर हात फिरवला.

"जनमभर लोकायचे भोकं बुजवले," त्या म्हणाल्या, "आता पाडाले लागला काय?"

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणावरून वाकल्या. आमच्याकडे कुंपण हे बोलण्यासाठीच असतं. त्यांनी चौकट पाहिली, भोकं पाहिली आणि न विचारताच उत्तरही दिलं. "धानाचे परे टाकाले होय ना? फवाऱ्यासारखं पानी पडन. आमच्यासाठीबी एक बनवजो गा." माझा नवरा हो म्हणाला. त्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही. त्या बाईसाठी त्याने पुढे खरोखर एक फवारा बनवून दिला आणि तो झकास चालतो.

चौकट तयार झाली. सुरेख झाली, हे मीही सांगते. चारही कोपरे काटकोनात, कुठे फट नाही. त्याने ती उभी केली, हलवली, ती हलली नाही. मग आम्ही ती खोलीत नेली, कव्हर पलंगावर पसरलं, चेन उघडली आणि थांबलो.

चेन अर्ध्या रुंदीची. चौकट पूर्ण रुंदीची. आणि माझ्या नवऱ्याने चारही कोपऱ्यांना सोल्युशन लावून ती कायमची जोडून टाकलेली.

दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. कोणीही शहाणा माणूस आधी तुकडे आत सरकवून पाहील. पण ज्याचा सगळा जन्म मोटारीत हवा शिरू नये म्हणून जोड चिकटवण्यात गेला, त्याचा हात पाइप दिसला की आपोआप डबीकडे जातो. बिनासोल्युशनचा जोड म्हणजे अर्धं काम, म्हणजे उद्या गिऱ्हाईक दारात. तो चौकट तिरकी करून पाहू लागला, उभी करून, आडवी करून. मांजर पिशवीत घालावं तशी ती कव्हराच्या तोंडाशी अडत होती.

माझ्या पोटात जे उठलं ते मी आजही सांगू शकत नाही. मी पदर तोंडात कोंबला, मागच्या दाराने बाहेर पळाले आणि टाक्यावर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. आवाज येऊ दिला नाही. पण परत आले तेव्हा तो खिडकीजवळ उभा होता, आणि खिडकीतून टाकं दिसतं. पाठमोऱ्या बाईचे खांदे हललेलेही दिसतात.

"राहू दे," तो म्हणाला. "रिकामे धंदे आहेत." कव्हराची घडी घातली, खोक्यात ठेवली, खोकं पलंगाखाली सरकवलं. चौकट नेऊन मागच्या भिंतीला टेकवली. रागावला नव्हता. रागावला असता तर मला परवडलं असतं.

पुढचे दिवस घरात काहीच बदललं नाही आणि तेच मला सोसवेना. तो दुकानात जायचा, जेवायला यायचा, उठून माठातलं पाणी प्यायचा. चौकटीकडे नजर जाऊ नये म्हणून अंगणातून जाताना मान दुसरीकडे. मी एकदोनदा विषय काढायला गेले. तो म्हणायचा, "भात वाढ."

मग सासूबाईंनी चौकट ताब्यात घेतली. उन्हाळा लागला होता, लाखोरीच्या डाळीच्या वड्या घालायच्या होत्या, बाजेवर कुत्री येतात म्हणून दरवर्षी भांडण. त्यांनी चाचपून चौकटीचं माप घेतलं, त्यावर जुनं लुगडं ताणून बांधलं, काकूंच्या मदतीने दोन खांबांच्या मधे टांगलं आणि वर वड्या घातल्या. हवा खालून, ऊन वरून. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. "पोराने मायसाठी बनवली," सासूबाई सगळ्यांना सांगत. "वड्यायले हवा लागाले पाहिजे म्हून भोकं पाडले त्यानं."

तो मोटरसायकलवरून उतरत होता तेव्हाच हे बोलणं चाललं होतं. बाया त्याचं कौतुक करत होत्या. तो वड्यांकडे पाहत उभा राहिला. त्याची वस्तू, त्याने एवढी मापं घेऊन, कोर घासून केलेली, सगळ्यांच्या उपयोगी पडली होती, आणि त्याच्या नाही. नेहमीसारखंच. मला त्याचा कळवळा आला. हसू बिसू कुठल्या कुठे.

दुपारी मी दुकानात गेले. तो एका मोटारीची वायंडिंग उकलत होता. मी शटर अर्धं ओढलं.

"दुसरी बनवा," म्हटलं. "सोल्युशन न लावता."

"कायले? जाऊ दे आता."

"तुमी मांगितलं म्हून."

तो वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तू हासली होतीस."

"हासली. चौकटीले हासली. तुमाले नाई."

"एकच होते ते."

"नाई होत," मी म्हटलं. "चौकट तुमी बनवली. बनवता तं तुमी लोकायसाठी रोजच. मांगितलं कधी नाई. मांगणाऱ्याले मी हासली नाई."

त्याने वर पाहिलं नाही. पण वायर खाली ठेवली आणि पाइप ठेवलेल्या कोपऱ्याकडे गेला.

दुसरी चौकट आम्ही दोघांनी मिळून केली. मी पाइप धरायचे, तो कापायचा. कोणता तुकडा कोणत्या एल्बोत जातो ते कळायला मी माझ्या नेलपॉलिशने खुणा केल्या. त्याचा हात पुन्हा पुन्हा डबीकडे जात होता. एकदा झाकण उघडूनही झालं. शेवटी मी सोल्युशनची डबी उचलून मांडीखाली घेतली आणि काम संपेपर्यंत तिच्यावर बसून राहिले. जोड नुसते दाबून बसवायचे, हे त्याच्या जिवावर येत होतं. "सुटन हे," तो म्हणत होता. "सुटाले पाहिजे," मी म्हणत होते. "घडी करून पलंगाखाली ठेवाचं आहे ते, का जनमभर उभं ठेवता?" एका कडेला, मशीनचं तोंड जोडायचं तिथे, त्याने टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून एक कॉक बसवला. मशीन चालू असतानाही तो उघडला की बाहेरची हवा आत येईल आणि रबर सैल पडेल. हे कोणत्याच कागदावर नव्हतं. तो त्याच्याच डोक्यातला होता.

सासूबाई वड्या वाळवून, डब्यात भरून, त्यातला एक डबा लेकीसाठी घेऊन तिच्या गावी, नवेगाव बांधला गेल्या. तिथल्या तलावाच्या मासळीपुढे त्यांना मुलगाही आठवत नाही. निघताना त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थांबल्या.

"डोक्याले तेल नाई लावलं? बरं नाई वाटत काय?"

"नाई, माय. बरा आहो." त्याने दोनदा साबण लावून आंघोळ केली होती. रोज तेल चोपडणारा माणूस कोरड्या केसांनी एसटीपर्यंत आईची पिशवी घेऊन गेला.

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर लावला, दार लावलं, कव्हर पलंगावर पसरलं. तो पाइपाचा तुकडा चेनमधून आत सरकवू लागला. पाइप आत जाऊन कुठेतरी फिरायचा, एल्बो सापडायचा नाही, सापडला तर उलटा. तो घामाघूम झाला. मी थोडा वेळ पाहिलं आणि त्याला बाजूला केलं. परकराची नाडी निघाली की पिनेला बांधून नेफ्यातून कशी सरकवत नेतात, ते पुरुषांना कुठून ठाऊक असणार? मी पाइपाचं टोक आत घातलं आणि बाहेरून रबरावरून चिमटीत धरत, खाली ढकलत, कोपऱ्यापर्यंत नेलं. मग एल्बो. मग आडवा. नेलपॉलिशची खूण रबरातून दिसत नव्हती, पण नखाला लागत होती. प्रत्येक जोड बसताना हाताला कळायचं. तो उभा राहून पाहत होता.

त्याने अंगाला पावडर लावली, रबरातून सरकायला. तांदळाच्या पिठात पडल्यासारखा दिसत होता. मी कूलरकडे पाहिलं. तो पायाकडून आत शिरला, सरकत सरकत वर गेला आणि गळ्याच्या भोकातून त्याचं पांढरं डोकं बाहेर आलं. मी चेन लावली. उशी दिली.

"पहिले कॉक खोलाचा," तो आतून सांगत होता. "मंग मशीन बंद कराची. दम लागला मले, का लाइन गेली, का तुलेच भेव वाटलं, तरी कॉक."

"समजलं."

"इथून हालजो नको."

"कुठं जाऊ मी?"

मी एक हात कॉकवर ठेवला आणि दुसऱ्याने टीला जोडलेल्या, घर झाडायच्या व्हॅक्यूम मशीनचं बटण दाबलं. आवाज सुरू झाला. फुगलेलं रबर खाली बसू लागलं. आधी कडेने, मग पोटावर, मग पाय दिसू लागले, गुडघे, मांडीशी सरळ ठेवलेले हात. चौकट कुरकुरली. त्याने डोळे विस्फारून कोपऱ्याकडे पाहिलं, जोडाकडे, सोल्युशन न लावलेल्या. जोड उलट आणखी घट्ट बसले. बाहेरच्या हवेनेच ते दाबून धरले होते.

त्याची बरगडी न् बरगडी उमटली. विहिरीत घसरला होता तेव्हाची घोट्यावरची गाठ, अंगठीचा उंचवटा, हाडं वर आलेले खांदे. एवढी वर्षं मी याच्याशेजारी झोपते, पण हा एवढा बारीक झालाय हे मला ठाऊक नव्हतं. हातातलं काम सोडून हा कधी एका जागी पडलाच नाही, मग पाहणार कधी? त्याने बोट हलवायचा प्रयत्न केला. हललं नाही. पुन्हा केला नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"दुखते काय?"

"नाई."

"बरं वाटते?"

"हो." आणि मग जरा थांबून, "लय बरं वाटते वं."

मी स्टुलावर बसून राहिले. हसू येईल अशी मला भीती होती, ते आलंच नाही. तो डोळे मिटून पडला होता. कोणाचा फोन नाही, कोणाची मोटर नाही. असेना का मग रबर, मी मनात म्हटलं.

मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी गडबड सुरू झाली. नाकपुडी हलली. ओठ एका बाजूला गेला. भुवई वर. मी कॉक घट्ट धरला.

"काय झालं? खोलू?"

"नाई, नाई." तो संकोचला. "नाक खाजवून राहिलं."

"मंग?"

"मंग काय. तूच खाजव."

मी खाजवलं. "जरा वर," तो म्हणाला. मी वर खाजवलं. "इकून." मी तिकडून खाजवलं. त्याचे डोळे मिटलेले, तोंड समाधानाने उघडं, डोक्याला पावडर, आणि त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"हास आता," म्हणाला. "कवापासून दाबून राहिली तू. फुटशीन."

मी फुटले. स्टुलावरून खाली बसले, पलंगाच्या कडेला डोकं टेकलं, हात तेवढा कॉकवरून काढला नाही. आणि वरून आवाज आला, तोही हसत होता. पोट हालायला जागा नव्हती, खांदे हालायला जागा नव्हती, सगळं हसू त्याच्या तोंडावर येऊन गोळा झालं होतं. एवढं हसू त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मीच पुसलं, कारण त्याला पुसता येत नव्हतं.

तेवढ्यात लाइन गेली. मशीन गप्प झालं, कूलरही. त्याने शिकवल्याप्रमाणे मी कॉक उघडला. फुस्स करून हवा आत शिरली, रबर सैल पडलं. मी चेन खोलली. आता त्याला उठता येत होतं. हात मोकळे, पाय मोकळे. माठ तर समोरच होता, दाराशी.

तो उठला नाही. उशीवर मान कलती करून माझ्याकडे पाहत पडून राहिला.

"पानी दे ना थोडं," तो म्हणाला.

मी माठाकडे गेले, गडवा बुडवला, आणि तो काठोकाठ भरून घेऊन आले.